सेक्रेटरीचा मान

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

डॉक्टरांनी या वहीत रोज ब्लड प्रेशर आणि चालणं लिहायला सांगितलं आहे. आज प्रेशर ठीक. चालणं समतानगरच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. एवढं लिहून झालं तरी पान बरंच उरतं. दिंडोशीच्या कोर्टात इतकी वर्षं लिपिक म्हणून काढली आहेत की कोरा कागद दिसला की हात शिवशिवतात. म्हणून बाकीचंही लिहितो.

आज आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा झाली. गाव सिंधुदुर्गात, मंडळ मुंबईत. वडिलांच्या पिढीने गिरणीत असताना काढलं, आता आम्ही कांदिवली, बोरिवली, मुलुंड असे पांगलो तरी चालवतो. सेक्रेटरी मी. यंदा मी सहलीचा ठराव मांडला. नाताळच्या सुट्टीत थीम पार्क, 'मौजनगरी', वसईच्या पुढे हायवेला. तीस माणसं जमली तर ग्रुपचा दर मिळतो. एरवी एकट्या कुटुंबाने जायचं म्हणजे महिन्याच्या किराण्याला हात लावावा लागतो.

मला वाटलं होतं, टाळ्या पडतील. तर सगळे गप्प. राजेश आमचा खजिनदार, तिशीतला, एरवी कशालाही हो म्हणणारा. तो म्हणाला, "शिवादादा, नाताळात मरणाची गर्दी असते यार. त्यापेक्षा एखाद्या देवळात जाऊया ना. शांत एकदम."

देवळात! आणि राजेश!

शेवटी भाऊ घाडी बोलले. मंडळात सगळ्यांत वडीलधारे तेच. "सेक्रेटरीची हौस आसा ना, मग होऊंदे," म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. ठराव मंजूर झाला. पण सहलीचा ठराव मंजूर करताना माणसं एवढी उदास का दिसावीत, हे मला कळलं नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

सहलीमागचं खरं कारण इथे लिहून ठेवतो. ही वही कपाटात कुलपात असते.

सप्टेंबरात गावाहून गणपती करून आलो आणि छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. हे फक्त बायकोला, राधाला माहीत आहे. आमची लेक प्रांजल तेव्हा गौरीसाठी गावीच थांबली होती. तिला फोनवर पित्त म्हणून सांगितलं. मंडळातही तेच सांगितलं. राधाने देवावर हात ठेवून कबूल केलंय की कोणाला बोलणार नाही, आणि लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिच्या पोटात गोष्ट राहते याची मला खात्री आहे.

मंडळाला का नाही सांगितलं, तर मुलुंडच्या सीताराम तेलीमुळे. त्याची बायपास झाली आणि मंडळाने त्याचं वाटोळं केलं. प्रेमानेच केलं. कुठलाही कार्यक्रम असो, त्याला पुढच्या खुर्चीत बसवायचे, सरबत द्यायचे, पेटी उचलायला गेला की दहाजण धावायचे. दशावतारात हा माणूस रात्रभर मृदंग वाजवायचा. दोन वर्षांत खुर्चीतला माणूस झाला. मला ते नको आहे.

आणि पार्क कशाला, तर प्रांजलसाठी. ती आठ वर्षांची असताना जत्रेतल्या मोठ्या पाळण्यासाठी उंची कमी पडली म्हणून तिला बसू दिलं नाही. खूप रडली. मी तेव्हा म्हणालो होतो, मोठी झालीस की सगळ्यात मोठ्यावर आपण दोघं बसू, पहिल्या डब्यात. मग दर वर्षी काही ना काही आडवं आलं. आता ती सेकंड इयरला आहे. दोन वर्षांत लग्नाचं बोलू लागतील लोक. पूर्वी सारखी बडबड करायची, सप्टेंबरपासून तर बोलतच नाही. नुसती माझ्याकडे बघते. मी तिला कंटाळवाणा वाटत असणार. पोरगी हातातून सुटत चालली आहे आणि धरायची कशी ते मला माहीत नाही. एक दिवस मला तिच्याबरोबर त्या पहिल्या डब्यात बसायचं आहे, बस्स.

डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारलं की नाही म्हणतात.

रविवार, ७ डिसेंबर

प्रेशर ठीक. चालण्याबद्दल काय लिहू? प्रांजलला आठवडाभर माझ्याबरोबर सकाळी यायची हुक्की आली आहे. वजन कमी करायचं म्हणते. वजन आहे कुठे? आणि चालते गोगलगायीसारखी. दर बाकाशी थांबते. "पप्पा, बसूया ना जरा, मला दम लागला." याच मुलीने गेल्या पावसाळ्यात कॉलेजबरोबर हरिश्चंद्रगड केला होता. हल्लीच्या पोरांचा सगळा दम मोबाईलमध्ये जातो.

भाजीची पिशवीसुद्धा मला धरू देत नाही. म्हटलं, अगं दम लागलाय ना तुला? तर म्हणे, हाताला कुठे लागलाय.

रविवार, १४ डिसेंबर

सहलीच्या तयारीची बैठक. पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही, हे मी वाचून दाखवलं आणि मालनकाकीने पदर खोचला. काकी म्हणजे मंडळाचं स्वयंपाकघर. साठी उलटली तरी पन्नास माणसांचं एकटी रांधते. "म्हंजे घावणे न्हेवचे नाय? मगे पोरांनी खावचा काय?" आतला वडापाव केवढ्याला मिळतो ते राजेशने सांगितलं. भाऊंनी दोनदा विचारलं, हा दर एका वड्याचा की डझनाचा. काकीने घावणे पोटाला बांधून नेण्याची तयारी दाखवली. शेवटी तोडगा निघाला तो असा की खाणं बसमध्ये ठेवायचं, दुपारी हातावर शिक्का मारून बाहेर यायचं, पार्किंगमध्ये जेवायचं आणि परत आत जायचं.

मग कामं वाटली. मला एकही काम दिलं नाही. बसची यादी राजेशने घेतली. पाण्याचे कॅन दुसऱ्यांनी. मी विचारलं, मी काय करू? काकी म्हणाली, "तू सेक्रेटरी. तू सावलीत उभो रव आणि नजर ठेव."

समजायचं ते समजलो. मार्चमध्ये मंडळाची निवडणूक आहे आणि राजेशला सेक्रेटरी व्हायचंय. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. वाईट वाटलं.

सोमवार, २२ डिसेंबर

राजेशबद्दल वर लिहिलं ते मागे घेतो. आज त्याचा फोन आला. पार्कात 'फास्ट पास' नावाचा प्रकार असतो, हातात पट्टी बांधली की लायनीत उभं राहावं लागत नाही. त्याचे पैसे जवळजवळ तिकिटाएवढेच वेगळे. हा शुद्ध अन्याय आहे, असं माझं मत मी मागेच सभेत नोंदवलं होतं. पण राजेश म्हणाला, "ग्रुप बुकिंगवर स्कीम आहे शिवादादा. ग्रुपच्या सेक्रेटरीला आणि त्याच्या घरच्या एकाला पास फुकट. कंपनीकडूनच." मी म्हटलं, नीट लेखी घे. तर म्हणाला, झालंय, टेन्शन नको.

याला म्हणतात मान राखणं. कोर्टात इतकी वर्षं झाली, साधी खिडकीजवळची खुर्ची मिळाली नाही.

संध्याकाळी मालनकाकी दारात उभ्याउभ्याच राधाला सांगून गेली, "माजे दिलय गो मी राजेशाकडे." बसचे पैसे तर कधीच जमा झाले. काकीने बहुतेक दुसऱ्यांदा दिले. राधाला म्हटलं, परत करायला सांग. तिने नुसतं हूं केलं.

शनिवार, २७ डिसेंबर

उद्या सहल. आज घरात भांडण झालं.

प्रांजल म्हणाली, "पप्पा, मी त्या मोठ्या राइडवर नाही बसणार. मला भीती वाटते."

मी म्हटलं, "गड चढताना वाटली नाही ती?"

"ते वेगळं. तुम्ही पण नका बसू. आपण त्या बोटीत बसू ना. फोटो काढू."

"बोटीत बसायला मौजनगरी कशाला? गोराईला जाऊन येऊ, दहा रुपयांत."

मग मी जरा जास्तच बोललो. तिला म्हणालो की तुला माझ्याबरोबर बसायची लाज वाटते, मैत्रिणींबरोबर असतीस तर ओरडत बसली असतीस. ती एकदम उठून आत गेली. राधा म्हणाली, "तिच्यासाठी चाललाय की तुमच्यासाठी?" असले प्रश्न वकील विचारतात.

नंतर बघितलं तर प्रांजल गळ्यात अडकवायची एक इवलीशी पिशवी शिवत बसली होती. काय ठेवणार म्हटलं तर टिकल्या, म्हणाली. पार्कात टिकल्या कशाला लागतात कोण जाणे. डोळे लाल होते. उद्या पहिल्या डब्यात बसवलं की राग जाईल तिचा.

सोमवार, २९ डिसेंबर

कोर्टाला सुट्टी आहे. सकाळपासून वही समोर घेऊन बसलोय. कालचं सगळं नीट लिहायचं आहे.

बस वेळेवर निघाली. रस्त्यात पोरांनी गाणी म्हटली, भाऊ झोपले. मौजनगरीच्या पार्किंगमध्ये उतरलो तेव्हाच गेटपासून लायनी हायवेच्या दिशेने वळलेल्या. अख्खी मुंबई आणि निम्मा गुजरात आला असावा. कोणाच्या हातात पोरं, कोणाच्या हातात पोरांची खेळणी, आणि सगळ्यांच्या तोंडावर 'पैसे भरलेत आता मजा आलीच पाहिजे' असे भाव.

भाऊंनी तिथेच नारळ काढला. म्हटलं, भाऊ, इथे नको. म्हणाले, "गाऱ्हाणा घातल्याशिवाय मी आत पाय ठेवूचंय नाय." दोन बसच्या मधल्या जागेत आम्ही सगळे टोप्या काढून उभे राहिलो.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझ्या लेकरांनी जी काय सहल काढल्यानी हा, ती सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाऊंनी प्रत्येकासाठी काही ना काही मागितलं. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न. मग म्हणाले, "आणि ह्या आमच्या शिवदासाच्या काळजाक बळ दी, त्याच्या वाटेतली इडापिडा दूर कर रे म्हाराजा!" त्यावर 'व्हय म्हाराजा' एवढ्या जोरात आलं की दोन वॉचमन शिट्ट्या फुंकत धावत आले. त्यांना मोर्चा वाटला. राजेशने त्यांची समजूत काढली आणि एकाच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सहलीच्या जबाबदारीने मी घाबरलेला दिसत असणार. भाऊ माणसाचा चेहरा बरोबर वाचतात.

आत गेल्यावर राजेशने माझ्या आणि प्रांजलच्या मनगटाला केशरी पट्टी बांधली. पहिल्यांदा सगळे बोटीकडे गेलो. तिथे आमच्या मंडळींनी जो तमाशा केला तो फक्त आमचीच मंडळी करू शकतात. लायनीत उभं राहताना नकळत पालखीचा क्रम लागला. पुढे घाडी, मग परब, मग गावकर, मग बाकीचे. बोटीवरचा माणूस ओरडतोय, "दो-दो करके आओ." गावकर पुढे जायला तयार नाहीत, कारण भाऊंच्या आधी पाय ठेवायचा नाही, आणि भाऊ बुटाची नाडी बांधतायत. मागची सगळी लायन बोंबलायला लागली. मी पट्टी दाखवून बाजूने पुढे गेलो आणि भाऊंना हात धरून बोटीत बसवलं तेव्हा गाडी हलली. सेक्रेटरी लागतो तो अशा वेळी.

पट्टीचा फायदा खराच. लोक दीड-दीड तास उन्हात उभे, आणि आम्ही सरळ आत. बाकी कुठल्या ग्रुपच्या सेक्रेटरीच्या हातात पट्टी दिसली नाही. त्यांनी मागितली नसेल. राजेश मात्र दर थोड्या वेळाने येऊन सांगत होता, "शिवादादा, पट्टी बोटीला वापरा, छोट्या गाडीला वापरा. तिथेच लायन मोठी आहे." काकीने तिची पिशवी माझ्याकडे दिली, मग भाऊंनी शाल दिली, मग कोणी टोप्या. मला बाकावर बसवून माझा अगदी हमाल करायचा त्यांचा विचार होता. दुपारी पार्किंगमध्ये बसच्या सावलीत घावणे आणि चटणी खाल्ली. शेजारच्या बसचे लोक वास घेत वळून बघत होते. जेवण झाल्यावर सगळे पेंगायला लागले. मी प्रांजलला म्हटलं, चल.

तिने शिक्का पुसला गेला का ते बघितलं. मग तिला बाथरूमला जायचं होतं. मग चपलेचा पट्टा. मग फोटो. मी तिचा हात धरून तिला सरळ गरुडझेपेकडे नेलं. तिथल्या सगळ्यात मोठ्या राइडचं हे नाव. नेहमीच्या लायनीत माणसं मुंग्यांसारखी, आणि केशरी पट्टीला वेगळी वाट, पूर्ण मोकळी. पाच मिनिटांत आम्ही वरच्या फलाटावर. पहिला डबा रिकामा येऊन थांबला. मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. इतक्या वर्षांचा शब्द होता.

तिथली युनिफॉर्ममधली मुलगी सगळ्यांना विचारत होती, "हार्ट, बीपी, कमर का कोई प्रॉब्लेम?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"है," प्रांजल म्हणाली. "इनको है. सप्टेंबर में एंजिओप्लास्टी हुई है. दो स्टेंट हैं."

ती कोणाबद्दल बोलतेय हे मला आधी कळलंच नाही. मी मागे वळून बघितलं, मागे कोणी आजारी माणूस आहे का. मग त्या मुलीने हात जोडून मला बाजूचं दार दाखवलं, आणि सगळ्या लोकांसमोर आम्ही दोघं तिथून उतरलो. कान तापले होते. जिना उतरताना प्रांजल एक हात माझ्या पाठीशी धरून होती. मी तो झटकला.

खाली एका कठड्यावर बसलो. बाजूला पॉपकॉर्नवाल्याची गाडी.

"कोणी सांगितलं तुला?"

"आईने. दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे गौरीत?"

"हो. मला यायचं होतं पप्पा. आई म्हणाली, तू आलीस तर त्यांना कळेल की तुला कळलंय, आणि ते अजून टेन्शन घेतील. म्हणून मी थांबले. आरतीला उभी राहिले, सगळ्यांशी हसले. तुम्ही फोनवर म्हणालात पित्त झालंय, मी म्हटलं सोलकढी प्या. आठवतं?"

मला आठवत होतं. मला तेव्हा रागही आला होता, की बापाची तब्येत बरी नाही आणि ही दोन मिनिटांत फोन ठेवते.

"आणि ते सकाळचं? दम लागतो ते?"

"तुम्हाला हळू चालायला सांगितलंय ना डॉक्टरांनी. तुम्ही ऐकता का? तारीख चुकल्यासारखे पळत सुटता. मला हळू चालायचंय म्हटलं की चालता तेवढे तरी." तिने नाक पुसलं. "मला बोलताच येत नव्हतं तुमच्याशी. तोंड उघडलं की रडू येईल असं वाटायचं. नुसतं बघत बसायचे, श्वास नीट चाललाय ना."

मी म्हटलं, "मी तुला शब्द दिला होता. लहान होतीस तेव्हा. पाळण्यात बसवलं नाही म्हणून किती रडली होतीस."

"पाळणा मला आठवतच नाही हो. तुम्ही मला खांद्यावर घेऊन अख्खी जत्रा फिरवली होती ना, ते आठवतं. मला वरून सगळं दिसत होतं."

माझ्या मुलीने मला सगळ्यांसमोर आजारी ठरवलं होतं, आणि मला तिचा राग यायला हवा होता. तो यायच्या आतच गेला. मी तिला म्हटलं, जा, तू बस. ती नको म्हणाली. म्हटलं, मला बघायचंय, आणि पट्टी फुकट कशाला घालवायची?

"चल गो बाय, मी येतंय तुझ्याबरोबर," असा आवाज आला. मालनकाकी मागे उभी. कधीपासून, कोण जाणे. धापा टाकत होती, बहुतेक आमच्या मागेच धावत आली असावी. मी म्हटलं, "काकी, तुला झेपणार आहे का ते?" तर म्हणाली, "माजा काय व्हायचा ता होऊन गेला रे. ती तुझी पट्टी दी हय." पट्टी कापूनच निघते, परत बांधता येत नाही, पण पॉपकॉर्नवाल्याची कात्री आणि काकीची सेफ्टी पिन यांनी ते काम झालं. कायदेशीर होतं असं म्हणणार नाही.

जाताना प्रांजलने गळ्यातली पिशवी काढून माझ्या गळ्यात घातली. आत गोळ्या होत्या. "छातीत जरा जरी वाटलं तर एक जिभेखाली."

"अगं, मी नुसता खाली उभा राहणार आहे."

"तरी."

मग त्या दोघी पहिल्या डब्यात बसलेल्या दिसल्या. खालून एवढ्याशा. काकीने पदर डोक्यावरून घेऊन कानामागे घट्ट खोचला होता. डबे खडखड करत वर चढायला लागले. ओरडून थांबवावंसं वाटलं. वर टोकाला जाऊन ते थांबले. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, तिने ओढणी कुठे बांधलीय तेही दिसत नव्हतं, दांडा नीट लागलाय का ते कळत नव्हतं. खाली उभं राहून बघत बसण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं. सप्टेंबरपासून माझी मुलगी हेच करत होती. रोज. आणि मी समजत होतो की तिला माझा कंटाळा आलाय.

डबे खाली कोसळले तेव्हा मी काकीच्या पिशवीत तोंड खुपसून रडलो. पिशवीला लसणीच्या चटणीचा वास येत होता. पॉपकॉर्नवाल्याने काही न विचारता मला स्टूल दिलं.

काकी उतरली ती अंबाडा सुटलेला, डोळे चमकणारे, आणि म्हणाली, "आणि एकदा बसाक देतत काय रे?" प्रांजल मात्र पांढरीफटक. तिला खरंच भीती वाटते. ती खोटं बोलत नव्हती, आणि तरी मला बघायचं म्हणून बसली. ती माझ्या शेजारी बसली आणि तिने माझं मनगट धरलं. नाडी मोजत होती, मला कळत होतं. मी मोजू दिली.

परतीच्या बसमध्ये तिला हळूच विचारलं, "मंडळात कोणाला बोलली नाहीस ना?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "छे, पप्पा."

"आई?"

"आई कशाला बोलेल?"

ते बरं झालं. राधाच्या पोटात मुलीपुरतं राहिलं नाही, तेवढं मी समजू शकतो. आईच ती. पण मंडळाला कळलं असतं तर कालच्या सहलीत माझा पुरता सीताराम तेली झाला असता.

रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रेशर ठीक. चालणं बागेपर्यंत, प्रांजलबरोबर, मधे तीन बाकांवर बसून. सारखी बडबडत होती. कॉलेजमधल्या कुठल्याशा मॅडमची नक्कल करून दाखवली. शुक्रवारी डॉक्टरांकडे तीच घेऊन जाणार आहे. मी काय काय खोटं सांगतो ते तिला ऐकायचंय म्हणे.

दुपारी मंडळाची सभा, सहलीचा आढावा आणि जेवण. काकीने काळ्या वाटाण्याची उसळ आणि भात केला होता. पहिला घास घेतला आणि थांबलोच. अळणी. मीठ नावालासुद्धा नाही. आमटीही तशीच. ज्या बाईच्या हातचं खायला माणसं ठाण्याहून येतात, तिच्या हातून असं व्हावं? इकडेतिकडे बघितलं. भाऊ खाली मान घालून जेवत होते. राजेश जेवत होता. सीताराम तेली तर बोटं चाटत होता. तीस माणसं मुकाट्याने तो भात गिळत होती आणि एकाने मीठ मागितलं नाही. किती चांगली माणसं आहेत ही. म्हातारपणी विसर पडायला लागलेल्या बाईला कसं सांभाळून घ्यावं ते यांच्याकडून शिकावं.

काकी वाढायला आली आणि माझ्यासमोरच उभी राहिली. "कशी झालीसा रे शिवदासा?"

झकास, म्हटलं, आणि उसळ दुसऱ्यांदा मागून घेतली. तिला कळायला नको.